मारुतीरावांचं परदेशी प्रोबेशन

विषय : श्री. मारुतीराव, निवृत्त कारकून, राहणार मच्छे, ता. बेळगाव, यांना जर्मनीतील श्टुटगार्ट हे शहर मानवेल किंवा कसे, याबाबत.

संदर्भ : १) चिरंजीव संदीप यांचा रविवारचा व्हिडिओ कॉल. २) पत्नी सौ. शांताक्का यांचे त्यावरील मौन.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, असले विषय एकटे येत नाहीत. कचेरीत एखादी फाईल टेबलावर जरा पडून राहिली की तिच्यावर आणखी चार येऊन बसतात. किश्श्यांचंही तसंच. मारुतीरावांचा प्रश्न एकच होता : जावं की राहावं? उत्तर कुणालाच देता येईना, म्हणून आम्ही चर्चा लांबवली. चर्चा लांबली, म्हणून किस्से साचले. प्रश्न होता तिथंच आहे. किस्से मात्र भरपूर!

'आम्ही' म्हणजे मच्छ्याच्या रस्त्यावर चहाच्या दुकानासमोर, सिमेंटच्या बाकावर संध्याकाळी बसणारे चौघे. सगळे एकाच कचेरीतून निवृत्त झालेले. गोपाळराव शिरस्तेदार होते, म्हणजे आमचे साहेब. बेळगावच्या जुन्या घराण्यातले, शिंकायचं असलं तरी आधी नियम आठवणारे. बसूआप्पा मूळचा निपाणीचा, घरी तंबाखूचा व्यापार, आणि आमच्यात परदेश पाहिलेला एकटाच. तिसरे मारुतीराव. चौथा मी. माझं काम कचेरीत होतं तेच आहे : झालेलं लिहून ठेवणं.

संदीप हा मारुतीरावांचा एकुलता एक. मच्छ्याच्या इंडस्ट्रियल एरियात लेथवर हात बसवला, मग शिकला, मग श्टुटगार्टला गेला. तिकडंच त्याला मुलगी झाली. ती आता बोलायला लागली आहे, आणि आजोबांशी जर्मनमध्ये बोलते. त्या रविवारी संदीप म्हणाला, "बाबा, दोघंबी इकडं या. आधी काही महिने राहून बघा. मानवलं तर कायमचंच बघूया. मच्छ्याचं घर भाड्यानं देऊया."

शांताक्का काही न बोलता आत गेल्या. मारुतीराव म्हणाले, "बघू."

उभी नोकरी ज्यानं या एका शब्दावर काढली, तो माणूस घरच्या बाबतीत दुसरं काय बोलणार!

* * *

प्रकरण बाकावर आलं तेव्हा पहिली हरकत गोपाळरावांनी घेतली. "या वयात स्थलांतर झेपतं का माणसाला?"

मारुतीराव उसळले. "शिरस्तेदार, स्थलांतराचं आमास्नी सांगू नका! माझी आज्जी मुंबई इलाख्यात जन्मली, म्हैसूर राज्यात म्हातारी झाली आनि कर्नाटकात वारली."

"बरीच फिरली म्हणायची."

"कुठली फिरत्या! जन्मात मच्छ्याची वेस ओलांडली न्हाय!"

हरकत फेटाळण्यात आली.

* * *

मग अनुभवी माणसाची साक्ष काढली. बसूआप्पाची मुलगी मँचेस्टरला असते. तिच्याकडं तो एक उन्हाळा काढून आला आहे. तिथं काय झालं हे त्यानं आम्हाला बरेच दिवस सांगितलं नव्हतं. या प्रकरणाच्या निमित्तानं सांगितलं.

आपल्याकडं रस्त्यात माणूस भेटला की विचारायचं, जेवण झालं काय? कन्नडात, ऊटा आतेन्री? त्याचा अर्थ एवढाच की मी तुला बघितलं, तू मला बघितलंस, आता आपापल्या वाटेनं जाऊया. बसूआप्पा मँचेस्टरला रोज सकाळी फिरायला जायचा. बघितलेल्या माणसाला न बोलता पुढं जाणं त्याला जमेना. कोपऱ्यावरच्या घरातली एक म्हातारी अंगणात झाडांना पाणी घालत होती. यानं इंग्रजीत विचारलं, "मील्स ओव्हर?"

म्हातारीनं याच्याकडं नीट बघितलं. धोतर, काळी टोपी, पायात चप्पल. ती आत गेली आणि चीज घातलेलं सँडविच घेऊन आली.

आता दिलेलं अन्न नाकारायचं कसं? यानं खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा "मील्स ओव्हर?" पुन्हा सँडविच, वर केळं. हळूहळू गल्लीतल्या बाकीच्यांनाही कळलं. कुणी केक ठेवायचं, कुणी सूप. बसूआप्पा घरी येऊन मुलीला सांगायचा, "लई मायाळू लोक बघ. विचारल्याबिगर खायला घालत्यात. आपल्या निपाणीत बी एवढं न्हाय!"

शेवटी एके दिवशी दोन बायका मुलीच्या दारात आल्या. चर्चमधून आलेल्या. फार सभ्यपणानं त्यांनी विचारलं की, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला जेवणखाण मिळण्यात काही अडचण आहे का? असेल तर संकोच करू नका. मुलीचा चेहरा पांढराफटक! ती काही बोलणार, तोच आतून बसूआप्पा बाहेर आला. पाहुण्यांना बघून त्याला बरं वाटलं. दोन्ही हात जोडून म्हणाला,

"या, या! मील्स ओव्हर?"

* * *

साक्ष नोंदवून घेतली. तिच्यातून अनुकूल की प्रतिकूल काय निघतं, यावर एकमत झालं नाही. तेव्हा गोपाळरावांनी तोडगा काढला. "सरकारी नोकरीत माणसाला आधी कायम करतात काय? नाही. आधी प्रोबेशन. मारुतीरावांना इथंच परदेशाच्या प्रोबेशनवर घ्या. जमलं तर जाऊ देत, नाही जमलं तर नाही."

मारुतीरावांना हे फारच पटलं. निर्णय घ्यायचा नसला की कारकुनाला कुठलीही कार्यपद्धती पटते!

* * *

पहिली परीक्षा थंडीची.

बेळगावची थंडी म्हणजे स्वेटर काढायचा की नको या विचारात डिसेंबर संपतो. श्टुटगार्टला बर्फ पडतो. बर्फ आणायचा कुठून? बसूआप्पाच्या ओळखीत एकाचं बटाट्यांचं कोल्ड स्टोरेज होतं. मालकाला विनंती केली की एका माणसाला तासभर आत ठेवायचं आहे. तो म्हणाला, "बॉडी न्हाय न्हवं?"

"अजून न्हाय," मारुतीराव म्हणाले आणि आत गेले. अंगात दोन स्वेटर, वर संदीपनं पाठवलेला कोट, डोक्याला माकडटोपी, आणि टोपीवर शांताक्कांनी बांधलेला टॉवेल.

आम्ही बाहेर थांबलो. पाव तास झाला असेल नसेल, मालक स्वतः मारुतीरावांच्या दंडाला धरून बाहेर घेऊन आला.

गोपाळराव म्हणाले, "सोसली नाही ना थंडी?"

"ह्यास्नी सोसली," मालक म्हणाला, "मला हे सोसंनात! पोत्यावर बसून हमालास्नी एकेकाचं गाव, घर, शेती विचारायला लागलेत. दोघं गुंजीचे निघाले, त्यांच्या मामाची ह्यास्नी वळख निघाली. गाडी भरायची तशीच ऱ्हायली. घेऊन जावा!"

शेरा : थंडीत उत्तीर्ण. वर्तणूक असमाधानकारक.

* * *

वेळेच्या परीक्षेत मारुतीराव नापास झाले नाहीत. सगळं गावच नापास झालं.

संदीप सांगायचा की तिकडं बस दिलेल्या मिनिटाला येते. म्हणून मारुतीरावांना हुकूम झाला की रोज शहरात जाणारी बस तिच्या छापील वेळेवर पकडायची. ते रोज वेळेवर जाऊन उभे राहत. बस तिच्या सोयीनं येई. एके दिवशी मात्र काय झालं कोण जाणे, बस अगदी छापील मिनिटाला येऊन उभी राहिली! स्टॉपवर पंधरा-वीस माणसं. एकानंही पाय उचलला नाही. बस रिकामीच गेली.

"अवो, चढला का न्हाईसा?" मी मारुतीरावांना विचारलं.

"मला काय म्हाईत ती आमची हाय म्हणून! सगळी म्हणाली, वेळंवर आल्या म्हंजे ही आपली न्हवं!"

* * *

तिसऱ्या परीक्षेला शांताक्काही बसल्या, त्यांना न विचारता.

संदीपच्या इमारतीत रविवारी आवाज करायचा नाही असा नियम आहे. ठोकाठोकी नाही, यंत्रं नाहीत, जोरात बोलणं नाही. आता आमच्या भागात रविवार म्हणजे मटण, आणि मटण म्हणजे वाटण. सुकं खोबरं, तीळ, खसखस भाजून मिक्सर सुरू झाला की समजायचं सुट्टी आहे. गोपाळराव स्वतः खात नाहीत, पण नियम बजावायला रविवारी सकाळी मारुतीरावांच्या घरी हजर. सोबतीला मी.

"वहिनी, आज मिक्सर लावायचा नाही. तिकडचा नियम आहे."

"मग वाटण?"

"आदल्या दिवशी करून ठेवायचं."

शांताक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "शनवारी? शनवारी मटणाचं वाटण करू? शनवार कुणाचा वार हाय, ते मी नाव घेऊन सांगणार न्हाय. भावजी, तुमी सांगा ह्यास्नी."

मी सांगितलं, "मारुतीचा."

आतून मारुतीराव ओरडले, "काय गं? मला हाक कुणी मारली?"

"कुणी न्हाय! बसा गप तितं! आवाज करायचा न्हाय म्हणत्यात रविवारी!"

मग त्यांनी पाटा काढला. पाट्याला काही यंत्र म्हणत नाहीत, तेव्हा गोपाळरावांना हरकत घेता येईना. पण तो पाटा किती वर्षांनी निघाला होता! त्याचा खरखर आवाज ऐकून डाव्या बाजूची शेजारीण आली, उजव्या बाजूची आली, समोरच्या दोघी आल्या. "आक्का, मी जरा वाटू काय गं?" करत प्रत्येकीनं हात मारला. ओव्या झाल्या. एकीनं उखाणाही घेतला. इतका गलका त्या गल्लीत गणपतीतही होत नाही!

गोपाळराव उठून निघाले. जाताना मला म्हणाले, "नियम पाळला गेला, हे नोंदवा."

* * *

यानंतरची परीक्षा आमचीच कल्पना, आणि तिचं पाप आमच्याच माथी.

बसूआप्पा म्हणाला, तिकडं कुणी कुणाच्या घरी फोन केल्याबिगर जात नाही. माणसाला सगळ्यात अवघड जातं ते हेच. बर्फ नव्हे, भाषा नव्हे. दाराची कडी वाजत नाही, ते! तेव्हा ठरलं की एक आठवडा मारुतीरावांकडं कुणीही आगाऊ वेळ घेतल्याशिवाय जायचं नाही. गल्लीत सगळ्यांना सांगितलं. लोकांनी मान डोलावली.

पहिल्या दिवशी बसूआप्पानं रीतसर फोन करून वेळ मागितली. चार ते सव्वाचार. चारला गेला. शांताक्कांनी चहा ठेवला. चहा उकळून कपात येईतो सव्वाचार झाले. बसूआप्पा दोन घोट घेऊन उठला, "टाइम झाला" म्हणाला आणि निघाला. शांताक्का कप हातात घेऊन त्याच्या मागं फाटकापर्यंत. "आप्पा! अर्धा चहा टाकून जातासा? काय झालं? माजं काय चुकलं?"

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दूधवाला फाटकावर पिशवी अडकवून गेला. शेजारणी दारावरून जाताना मान वळवून जायच्या. मारुतीराव खिडकीत बसून रस्त्याकडं बघत असायचे. बाकावर यायलाही त्यांना मनाई होती, कारण तिकडं बाक नसणार.

चौथ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. शांताक्का कुजबुजत होत्या. "भावजी, लवकर या. वेळ काय घिऊ नका."

मी गेलो. फाटकाबाहेर दोन टेम्पो, एक जीप आणि मोटारसायकलींची रांग. घरात पाय ठेवायला जागा नाही. झालं होतं असं की, मारुतीरावांच्या घरी कुणी जात नाही ही बातमी खानापूर तालुक्यातल्या पाहुण्यांपर्यंत पोचली होती. ज्या घरी कुणी जात नाही त्या घरात काय असतं? एकतर वाळीत टाकलेलं असतं, नाहीतर धरणारा रोग! सगळी भावकी बघायला आलेली. नारळ, केळी, मोसंबी. आजाऱ्याला न्यायच्या पावाच्या पुड्यांचा ढीग. एक चुलत सासू कोपऱ्यात बसून डोळ्यांना पदर लावत होत्या. मधोमध कॉटवर मारुतीराव, धडधाकट, आणि ते प्रत्येकाला सांगत होते, "मला काय झालेलं न्हाय. मी परदेशात हाय."

ते ऐकून चुलत सासूंनी मोठ्यानं गळा काढला. "डोस्क्यावर परिणाम झाला गं बाई!"

* * *

प्रोबेशनचा अहवाल असा मिश्र आला. दरम्यान संदीपनं तिकडून व्हिसाचा अर्ज भरायला घेतला आणि बेळगावातला एक एजंट गाठून दिला. तरुण पोरगा. तो आम्हा चौघांना म्हणाला, "अंकल, मेन पॉइंट एकच. तुम्ही परत येणार, हे त्यांना पटलं पाहिजे."

गोपाळराव खुर्चीत पुढं सरकले. "म्हणजे जाण्याची परवानगी हवी असेल, तर न राहण्याचा पुरावा द्यायचा?"

"हां सर, तसंच."

"आणि राहावंसं वाटलं तर?"

"ते नंतरचं सर. नंतर वेगळा अर्ज."

मी गोपाळरावांच्या चेहऱ्यावर इतका आनंद निवृत्तीनंतर पहिल्यांदा पाहिला. असा नियम आम्हाला उभ्या नोकरीत करता आला नव्हता!

मग बाकावर बसून आम्ही मारुतीरावांच्या परत येण्याची गरज सिद्ध करणारा दाखला तयार करायला घेतला. 'सदर गृहस्थांची येथे नितांत आवश्यकता आहे' इथंवर झकास जमलं. पुढं 'कारण' असं लिहिलं आणि अडलो.

"पत्त्याला चौथा गडी लागतोय," बसूआप्पा म्हणाला.

"तो कुणीही चालेल," गोपाळराव.

"शेताकडं बघायला."

"शेत वाट्यानं दिलंय."

"गणपतीची वर्गणी?"

"ती गोळा करायला नवी मुलं आहेत."

मारुतीराव शेजारीच बसून एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होते. आपलं एकही कारण टिकेना हे पाहून बिचारे हळू आवाजात म्हणाले, "मी कचेरीत बरा हुतो न्हवं, शिरस्तेदार?"

गोपाळरावांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, चष्मा चढवला आणि 'कारण' च्या पुढं स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'ते नसल्यास आम्हांस करमत नाही.' खाली सही केली. आम्हीही केल्या.

एजंटनं तो कागद वाचला आणि परत दिला. "अंकल, असलं काही लागत नाही. घराचा उतारा आणि पेन्शनचं बास."

मारुतीरावांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. जाताना वाटेत थांबून त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या.

* * *

मग बेंगळुरूच्या व्हिसा केंद्राची तारीख आली. सोबत म्हणून मी गेलो. गाडीत बसल्यापासून गोपाळरावांचा फोन सुरू. मारुतीरावांकडून ते उत्तर घोकून घेत होते. "परत का येणार? घर, शेत, पेन्शन. म्हणा! घर, शेत, पेन्शन." शांताक्का खिडकीशी बसून दशम्या सोडत होत्या. त्यांच्याकडून कुणी काही घोकून घेतलं नाही. त्यांना जायचं आहे की नाही, हेच अजून कुणी विचारलं नव्हतं. मारुतीरावांनासुद्धा!

केंद्रात नंबर लागले, पण एका खिडकीवर नव्हे. मारुतीराव एका खिडकीला, शांताक्का तिच्या पलीकडच्या. मधे लाकडी आडोसा. त्यांना एकमेकांचं दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. मी मागच्या खुर्चीवर बरोबर मधे बसलेलो. मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

काचेपलीकडं दोन मुली. दोघी कन्नड बोलणाऱ्या, त्यामुळं भाषेची अडचण नव्हती. कागद झाले, फोटो झाले, बोटांचे ठसे झाले. मग मारुतीरावांच्या खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, मुलगा तिकडं आहे, नात तिकडं आहे, मग तुम्ही परत येणार कशावरून?

मारुतीरावांनी आ केला. घर, शेत, पेन्शन, सगळं पुसलं गेलेलं. मला वाटलं, आता 'बघू' म्हणणार! पण नाही. ते म्हणाले, "आमची मालकीण कुठली राहत्या तिकडं? ती येणार. मग मला यायलाच पाहिजे की."

त्याच वेळी पलीकडच्या खिडकीवर तोच प्रश्न शांताक्कांना. त्या पदर सावरून म्हणाल्या, "ह्यांचं काय खरं न्हाय. हे तितं टिकायचे न्हाईत. हे निघाले की मी यायचीच."

पहिल्या मुलीनं संगणकावर काहीतरी पाहिलं. मग दुसरीच्या खुर्चीकडं झुकली. दोघी आपसांत बोलल्या. मग पहिलीनं मारुतीरावांना विचारलं, "अज्जा, तुमची मालकीण निघाली नाही, तर तुम्ही?"

"तर कशाला निघू?"

दुसरीनं शांताक्कांना विचारलं, "अज्जी, मालक निघाले नाहीत, तर?"

"तर मी एकटी येऊन काय करू?"

दोघी मुली पुन्हा एकमेकींकडं वळल्या. मग दोघींनी आपापल्या काचेवरून, जवळजवळ एकाच वेळी विचारलं, "आधी कोण निघणार?"

मारुतीरावांनी आडोशाकडं बोट दाखवलं. शांताक्कांनीही आडोशाकडं बोट दाखवलं.

मुलींनी दोघांना मागं खुर्चीवर बसायला सांगितलं. आत कुठंतरी विचारून आल्या आणि पावती देऊन जायला सांगितलं.

संदीप रोज सकाळी उठून वेबसाईट बघतो आणि आम्हाला कळवतो. हे लिहीपर्यंतची स्थिती : दोन्ही अर्ज प्रलंबित.